विद्येचे दार आणि दलालांची खिडकी

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या बारावीनंतर किंवा पदवीनंतर एक प्रश्न आता हमखास विचारला जातो : ‘कॅनडाचे काय?’ प्रश्न विद्यापीठाविषयी नसतो, विषयाविषयी नसतो, तो देशाविषयी असतो. ‘शिका आणि स्थायिक व्हा’ अशी पाटी लावलेल्या कार्यालयात मायलेक जातात आणि तासाभरात मुलाचे भवितव्य ठरते. निवृत्तीची पुंजी मोडायची की राहते घर तारण ठेवायचे, एवढाच काय तो निर्णय वडिलांसाठी शिल्लक राहतो.

अशा कार्यालयांतील सल्ला बहुधा ‘विनामूल्य’ असतो. मग सल्लागाराची चूल पेटते कशावर? उत्तर कॅनडातच मिळते. ओंटारिओ प्रांताच्या महालेखापालांच्या २०२१ च्या अहवालानुसार, तेथील सार्वजनिक महाविद्यालयांनी २०२०-२१ या एका वर्षात मध्यस्थांना ११ कोटी डॉलरहून अधिक दलाली दिली. त्याच अहवालानुसार या महाविद्यालयांत परदेशी विद्यार्थी होते सुमारे ३० टक्के, परंतु शुल्काच्या उत्पन्नातील त्यांचा वाटा होता ६८ टक्के! त्या विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा भरणा भारतीयांचा होता. प्रांतिक सरकारने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क १० टक्क्यांनी कमी करून गोठवले. ती तूट कोणाच्या खिशातून भरून निघाली, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. दलाली जो देतो, त्याचाच सल्लागार असतो. आपण ज्याला मार्गदर्शक समजतो, तो वस्तुतः महाविद्यालयाचा विक्रेता असतो.

तिजोऱ्या भरेपर्यंत या विद्यार्थ्यांचे स्वागतच होते. घरभाडी भडकली, लोकांत असंतोष वाढला, आणि मग मात्र सरकारला पाहुण्यांची गर्दी दिसू लागली. जानेवारी २०२४ मध्ये इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी अभ्यास परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षीचे मंजूर परवाने ३५ टक्क्यांनी घटवून सुमारे ३ लाख ६० हजारांवर आणण्याचे ठरले. निर्वाहासाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून २० हजार ६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२ हजार ८९५. म्हणजे शुल्क व प्रवासखर्च सोडून सुमारे १४-१५ लाख रुपये! नोव्हेंबर २०२४ मध्ये जलद परवान्याची योजना गुंडाळण्यात आली. २०२६ साठी नव्या विद्यार्थ्यांचे लक्ष्य अवघे १ लाख ५५ हजार आहे. आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे, हे ठरविण्याचा अधिकार कॅनडाला निःसंशय आहे. परंतु ज्यांच्या पैशावर संस्था पोसल्या, त्यांनाच घरटंचाईचे कारण म्हणून पुढे करणे ही कोणती नीती?

या बाजारात भरडले जातात ते विद्यार्थीच. जानेवारी २०२२ मध्ये क्वेबेक प्रांतातील तीन खासगी महाविद्यालये अचानक बंद पडली आणि शुल्क भरलेले अनेक भारतीय विद्यार्थी अधांतरी राहिले. २०२३ मध्ये शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची, त्यांतही प्रामुख्याने पंजाबमधील मुलांची, प्रवेशपत्रे बनावट असल्याचे उघड झाले. वर्षानुवर्षे तेथे राहिलेल्या मुलांसमोर हद्दपारी उभी ठाकली. मध्यस्थाला २०२४ मध्ये कॅनडातील न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली, पण त्या मुलांची उमेदीची वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

मग परदेशी जाऊच नये काय? असे म्हणणे कूपमंडूकपणाचे ठरेल. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी स्वतः पत्र लिहिले आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांना देश बदलायचा नव्हता, विद्या मिळवायची होती. आज किती अर्जांच्या मुळाशी हा हेतू असतो?

कॅनडात उत्तम विद्यापीठे आहेत आणि त्यांची दारे गुणवत्तेला बंद नाहीत. सार्वजनिक संस्थांतील पदव्युत्तर व डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांना तर जानेवारी २०२६ पासून परवान्यांच्या मर्यादेतूनच वगळण्यात आले आहे. त्या देशाला कोण हवे आहे, हे यावरून पुरेसे स्पष्ट व्हावे. शिक्षणानंतरच्या काम-परवान्याचेही तेच. विद्यापीठीय पदवीधराला विषयाची अट नाही, तर महाविद्यालयीन पदविकेला ठरावीक विषयांचेच कुंपण आहे. खिडकीतला विक्रेता हा भेद आपण होऊन सांगेल काय?

म्हणून सुज्ञ पालकांनी मुलाला अर्ज स्वतः करावयास लावावा. संस्था सरकारमान्य यादीत आहे का, ती सार्वजनिक आहे की खासगी, हे त्यानेच तपासावे. शुल्क थेट विद्यापीठाकडे भरावे. संशोधन करावयाचे असेल तर प्राध्यापकांना स्वतः पत्र लिहावे आणि विद्यावेतनाची चौकशी करावी. उद्देशाचे निवेदन विकत घेऊ नये. ज्याला स्वतःच्या शिक्षणाचा हेतू एका पानावर लिहिता येत नाही, त्याने परदेशी जाण्याची घाई का करावी?

दोष केवळ दलालांचा नाही. येथील चांगल्या संस्थांतील जागा अपुऱ्या, अनेक विद्यापीठांतील अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त, ही आपल्या राज्यकर्त्यांची नामुष्की आहे. आणि ‘मुलगा कॅनडात असतो’ हे वाक्य लग्नमंडपात मिरविण्याची हौस, ही आपल्या समाजाची. तेथे तो काय शिकतो, हे विचारण्याची कोणालाच गरज वाटत नाही. ज्या दिवशी घरोघरी ‘कुठे?’ या प्रश्नाच्या आधी ‘काय आणि कशासाठी?’ हा प्रश्न विचारला जाईल, त्या दिवशी या खिडक्या आपोआप बंद होतील. तोवर घरे तारण पडत राहतील आणि व्याज फेडतील ते वृद्ध आईबाप!