उपाय की अपाय?

कार्तिक सरला की माळव्यात थंडी जोर धरू लागते. आमच्या इंदुरात पौषातल्या काही रात्री पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली येतात, रजया-दुलया गच्चीवर उन्हात पडतात आणि एक ओळखीचा उग्र वास घरभर पसरतो. तो डांबराच्या गोळ्यांचा. लहानपणी आम्हां भावंडांना तो थंडीचाच वास वाटे. वाचकहो, आज त्याच वासाविषयी थोडे लिहावयाचे आहे.

२०१९ च्या डिसेंबरात आमची थोरली लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. मुलगा झाला. बाळ-बाळंतीण घरी येताच माझ्या आईने अनेक वर्षे जपून ठेवलेले लोकरीचे दुपटे आणि टोपडे पेटीतून काढले व मोठ्या हौसेने पणतवाला घातले. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. तान्ह्या बाळाला थोडी कावीळ होतेच, असे म्हणून आम्ही एक दिवस दवडला. दुसऱ्या दिवशी ते दूधही ओढीना, तेव्हा दवाखाना गाठला. रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईला विचारले, "दादीजी, बच्चे के कपड़े कहाँ रखे थे?"

आईने सांगितले. त्यानंतर दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही.

काही बालकांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तात 'जी-सिक्स-पी-डी' नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु डांबराच्या गोळीतले नॅफ्थॅलीन न वितळताच वाफ होऊन कपड्यांत मुरते आणि ती वाफ श्वासावाटे व त्वचेवाटे बाळाच्या अंगात जाते. मग त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात आणि कावीळ बळावते. ती फार वाढल्यास मेंदूलाही इजा होऊ शकते. आमचे बाळ निळ्या प्रकाशाखाली काही दिवस राहून सुखरूप घरी आले, ही देवाची कृपा.

तेव्हा तान्ह्या मुलाच्या कपड्यांत या गोळ्या कधीही ठेवू नयेत. मोठ्यांचे कपडे त्यांत ठेवलेले असतील, तर धुऊन, चांगले ऊन देऊन, वास पुरता गेल्यावरच वापरावेत. आणि तरीही ते बाळापासून दूरच असावेत. शिवाय ही पांढरी गोळी रांगत्या मुलाला पेपरमिंटसारखी दिसते, हेही विसरू नये.

मग लोकरीला कसर लागू नये म्हणून काय करावे? लोकर खातात त्या पतंगाच्या अळ्या. उडणारा पतंग ती खात नाही. घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर या अळ्यांना अधिक प्रिय असते. म्हणून स्वेटर-शाली धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ जुन्या धोतरात बांधून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवाव्यात. वर्षातून दोन-तीनदा बाहेर काढून झटकाव्यात, शिवणी आणि घड्या ब्रशाने झाडाव्यात, ऊन द्यावे. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत जुनी आहे; ती पाळावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये.

थंडीत उबेला येणाऱ्या उंदरांचेही असेच. गव्हाच्या कोठीपाशी लेंड्या दिसल्या की आपण विषाच्या गोळ्या कणकेत मळून कोपऱ्यात ठेवतो. झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्याचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. ज्या घरात लहान मूल किंवा मांजर आहे, तेथे ही कणीक ठेवणे म्हणजे जुगारच. उंदराचे पिलू शिसपेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही आत शिरते. म्हणून मोरीची जाळी, दाराखालची फट आणि नळाभोवतीची भोके आधी पाहावीत. भोकांत तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपावे. धान्य पत्र्याच्या कोठीत, झाकण घट्ट लावून ठेवावे आणि रात्री ओट्यावर खरकटे राहू देऊ नये. तरीही एखादा आत आलाच, तर भज्याचा तुकडा लावलेला पिंजरा भिंतीच्या कडेला ठेवावा. उंदीर भिंतीलगतच धावतो.

पुढल्या संक्रांतीला आमच्या नातवाचे बोरन्हाण झाले. हलव्याचे दागिने घालून तो पाटावर बसला होता. आईने काळे झबले स्वतः नवे शिवले होते. ते जुने दुपटे तिने टाकले मात्र नाही. गोळ्या काढून, कितीदा तरी धुऊन, मलमलीत गुंडाळून ते निराळ्या डब्यात ठेवले आहे. दर महिन्याला ती ते गच्चीवर उन्हात टाकते आणि खाली आणण्यापूर्वी एकदा हुंगून पाहते.