दुखत नाही म्हणून झालेला उशीर

मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो 'शक्यतो टाळा' असाच. साध्या कंबरदुखीत तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. पण मानेत मज्जारज्जू दबलेल्या माणसाला हाच सल्ला दिला, तर त्याचे हातपाय कायमचे अधू होऊ शकतात. या आजारात शस्त्रक्रियेचा निर्णय वेदनेवरून घेऊ नये, नुसत्या एमआरआयवरूनही घेऊ नये. रुग्णाचे हात कसे चालतात आणि तो स्वतः कसा चालतो, यावरून तो घ्यावा. आणि तिथे बिघाड स्पष्ट असेल तर वेळ दवडू नये.

वेदनेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण ती पुष्कळदा नसतेच. वयानुसार मणक्यांमधल्या गाद्या झिजतात, हाडांच्या कडा वाढतात, अस्थिबंध जाड होतात आणि मज्जारज्जूची जागा हळूहळू आक्रसते. मान न दुखताही बोटं बिघडतात. शर्टाचं बटण लागत नाही, साडीच्या निऱ्या हातातून सुटतात, नोटा मोजता येत नाहीत. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि ते चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. घरचे वयाला नाहीतर मधुमेहाला बोल लावतात. हाताला मुंग्या येतात म्हणून मनगटातली नस दबल्याचं निदान होतं, काहींच्या मनगटाचं ऑपरेशनही होऊन जातं. पहिल्या लक्षणापासून योग्य निदानापर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. खरं तर पहिली शंका यायला यंत्र लागत नाही. 10 सेकंदांत मूठ पूर्ण उघडून मिटायला सांगावं. निरोगी माणूस साधारण 20 किंवा अधिक वेळा हे करतो. या रुग्णाची बोटं मध्येच अडखळतात.

उत्तर अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 278 रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली होती. सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तिन्ही गटांत वर्षभराने सुधारणा दिसली. मात्र जे तीव्र अवस्थेत टेबलावर गेले, ते सुधारूनही बऱ्याच अपंगत्वासह उरले. उशिराची किंमत ती हीच. 2017च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी म्हणूनच मध्यम आणि तीव्र आजारात शस्त्रक्रियेची शिफारस केली.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप चेक प्रजासत्ताकातून येतो. तिथल्या 64 रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्यात दहा वर्षांनीही लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. पण चाचणी लहान होती आणि रुग्ण सौम्य-मध्यम अवस्थेतले होते. ज्याची चाल महिन्यागणिक ढासळते आहे, त्याला तिचा आधार देऊन घरी बसवता येणार नाही. दुसरीकडे, कसलीही तक्रार नसलेल्या अनेक वयस्कांच्या एमआरआयमध्येही मज्जारज्जूवर दाब दिसतो. त्या सगळ्यांना कापणं चूकच.

आणि लकव्याची भीती? मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका शून्य नाही, पण तो थोडा आहे. त्याहून अधिक आढळतो तो खांद्याचा अशक्तपणा, साधारण विसांत एकाला, आणि तो बहुतेकांचा काही महिन्यांत भरून येतो. गळ्याच्या बाजूने ऑपरेशन केलं तर काही काळ गिळायला त्रास होतो. पुढून करावं की मागून, यावर 2021 साली 163 रुग्णांची उत्तर अमेरिकी चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतरच्या शारीरिक क्षमतेत फरक पडला नाही, गुंतागुंत मात्र पुढून केलेल्यांत जास्त होती. हे धोके रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवेत. त्याच वेळी न केल्यास काय होऊ शकतं तेही सांगायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू घसरण थांबवणं हा आहे. गेलेलं सगळं परत येईल असं वचन कुणी देऊ नये.

सौम्य आजारात थांबणं रास्त आहे, पण ते देखरेखीखाली हवं. मालीशवाल्याकडून मान कडकड मोडून घेत काढलेल्या महिन्यांना देखरेख म्हणता येत नाही. दर काही महिन्यांनी त्याच डॉक्टरांनी मुठीची उघडमीट मोजावी, एका रेषेत चालायला लावावं, बटणं लावून घ्यावीत आणि सगळं केसपेपरवर लिहावं. मागच्या खेपेला 22 असलेला आकडा या खेपेला 15वर आला आणि चालही डळमळू लागली, तर मान दुखत नसली तरी शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याची वेळ आलेली असते.