भरकटलेल्या पेशी आणि भरकटलेली माणसे

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर आमच्याकडे निरनिराळ्या वाटांनी आला. कुणी तो भ्रमणध्वनीवरून पाठविला, तर कुणी छायाप्रती काढून मंडळाच्या वाचनालयातील मेजावर ठेवल्या. मजकुराचा आशय असा, की कर्करोग हा रोगच नव्हे, ती 'ब-१७' या जीवनसत्त्वाची उणीव होय. जर्दाळूच्या बियांतला कडू गर रोज खावा, म्हणजे शस्त्रक्रिया नको आणि किरणोपचारही नकोत. आधाराला जॉन बिअर्ड या एडिंबरोच्या शास्त्रज्ञाचे नाव असून, शरीरात भरकटलेल्या जननपेशी हेच कर्करोगाचे मूळ, हे त्याचे 'दडपलेले सत्य' सांगितले आहे. मजकूर शुद्ध, सुबोध मराठीत आहे, आणि तेच आम्हांला अधिक खटकते. महाराष्ट्राबाहेर चार-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांत मराठी अक्षराला मान आहे. त्या मानाच्या आडोशाने विष घरात येत असेल, तर या पत्रिकेने गप्प बसणे हा अपराध ठरेल.

प्रथम बिअर्डला न्याय देऊ. तो वैदू किंवा भोंदू नव्हता. भ्रूणशास्त्रातील त्याची कामगिरी खरी आहे; मासे आणि उभयचर यांच्या भ्रूणांतील काही मज्जापेशींना आजही रोहॉन आणि बिअर्ड या दोघांची नावे आहेत. स्केट नावाच्या चपट्या माशाचे भ्रूण तपासताना त्याला दिसले, की जननपेशी जन्मतात एकीकडे आणि प्रवास करीत जननग्रंथींकडे जातात. काही मात्र वाट चुकून भलतीकडेच राहतात. गर्भाभोवतीचे ट्रोफोब्लास्ट नावाचे आवरण गर्भाशयाच्या भिंतीत शिरते आणि पुढे त्याचीच वार बनते. हे शिरणे त्याला कर्करोगाच्या आक्रमणासारखे वाटले. यावरून १९०२ साली त्याने मांडले, की वाट चुकलेली जननपेशी नको तेथे असे आवरण निर्माण करू लागते, तोच कर्करोग. गर्भाचे स्वादुपिंड काम करू लागले, की हे आवरण आवरते, असेही त्याचे मत होते. म्हणून स्वादुपिंडातील ट्रिप्सिन हे विकर टोचावे, हा त्याचा उपाय. १९११ साली त्याने यावर ग्रंथही लिहिला.

आता 'दडपले' या शब्दाकडे वळू. बिअर्डचे म्हणणे 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. डॉक्टरांनी ट्रिप्सिनची इंजेक्शने रुग्णांना देऊनही पाहिली. गुण आला नाही, म्हणून ती सोडली. ज्याला व्यासपीठ मिळाले, ज्याची परीक्षा झाली आणि जो त्या परीक्षेत उतरला नाही, त्याला दडपलेला म्हणणे हा शब्दाचाच विपर्यास होय.

१९२४ साली बिअर्ड वारला. १९५० च्या सुमारास अमेरिकेत अर्न्स्ट क्रेब्स या पिता-पुत्रांनी त्याची उपपत्ती उकरून काढली व तिला बियांपासून मिळणाऱ्या द्रव्याची जोड दिली. हे द्रव्य म्हणजे अमिग्डालिन. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८३० सालीच कडू बदामातून वेगळे केले होते. त्याच्या जवळच्या एका रूपाला 'लेट्राइल' हे नाव मिळाले. आणि औषध म्हणून कायद्याची अडचण येऊ लागताच धाकट्या क्रेब्सने त्याचे 'जीवनसत्त्व ब-१७' असे बारसे केले. ज्याच्या अभावी कोणताही रोग होत नाही, ते जीवनसत्त्व कसले? पोटात मात्र त्यापासून सायनाइड सुटते. अमेरिकेतील मेयो क्लिनिक आणि आणखी तीन केंद्रांनी १७८ रुग्णांना ते देऊन पाहिले. १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग बरा झाला नाही, आटोक्यात आला नाही, आयुष्यही वाढले नाही. उलट काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण प्राणघातक पातळीच्या जवळ पोहोचले.

विकरांचीही पुन्हा परीक्षा झाली. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ५५ रुग्णांपैकी ३२ जणांनी विकरे व विशिष्ट आहार हा मार्ग निवडला, २३ जणांनी केमोथेरपी. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. केमोथेरपी घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४ महिने, विकरे घेणाऱ्यांचे ४.३ महिने. रुग्णांनी मार्ग स्वतः निवडला होता, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही, हे मान्य. परंतु इतकी तफावत पाहूनही जो दुसऱ्याला तोच मार्ग सुचवितो, त्याला हितचिंतक कसे म्हणावे?

खरी गंमत पुढेच आहे. बिअर्डच्या निरीक्षणात सत्याचा कण होता. जननपेशी खरोखरच प्रवास करतात, काही खरोखरच वाट चुकतात, आणि छातीत किंवा माकडहाडापाशी क्वचित त्यांच्यापासून गाठी होतात. वारेच्या पेशींचा कर्करोगही असतो. पण हे थोडके रोग म्हणजे सर्व कर्करोग नव्हेत. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग तोंडाच्या अस्तरातील पेशींचा असतो, तेथे कोणतीही जननपेशी वाट चुकून आलेली नसते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगामागे बहुतांशी एक विषाणू असतो; तो शोधणाऱ्या हाराल्ट त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्या कर्करोगांना बिअर्डची उपपत्ती खरोखर लागू पडावी, तेच आज केमोथेरपीने सर्वांत चांगले बरे होतात. वारेचा कर्करोग १९५६ साली मेथोट्रेक्सेटने बरा झाला. त्या कुळातील औषधांचा पाया घालणाऱ्यांत आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपल्या हैदराबादच्या वाचकांना आवडेल. म्हणजे, बिअर्ड जेथे थोडा बरोबर होता, तेथेही जर्दाळूची बी कामाला आली नाही!

कुणी म्हणेल, औषधकंपन्या व मोठी रुग्णालये लुटतात, त्याचे काय? लुटतात, हे आम्हीही जाणतो; बिलाचे आकडे पाहून कोणाचेही मन उडेल. पण एका दुकानदाराने भाव चढविला, म्हणून दुसऱ्याची खोटी वस्तू खरी ठरत नाही. बिया विकणाराही विकतोच आहे. दुसरे कुणी म्हणेल, दोन बिया खाल्ल्या तर बिघडले कोठे? दोन बियांचा प्रश्न नाही. प्रश्न त्या बियांच्या भरवशावर गमावलेल्या महिन्यांचा आहे.

आमच्या परिचयातील एका काकूंच्या स्तनात गाठ आढळली. शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. नेमका तेव्हा नात्यातल्याच एका सुशिक्षित गृहस्थांनी हा मजकूर त्यांना आणून दिला. काकूंनी चार महिने बिया खाल्ल्या. पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा रोग हाडांत उतरला होता. तारीख पाळली असती तर त्या वाचल्याच असत्या, असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण ती संधी त्यांच्याकडून कुणी काढून घेतली, हे आम्हांला ठाऊक आहे. ते गृहस्थ दुष्ट नाहीत. त्यांनी केवळ प्रेमाने आणि न तपासता ते पुढे दिले.

बीज, वीर्य, गर्भ यांच्याभोवतीची गूढता आपल्या समाजात जुनी आहे. वीर्यनाशाने शरीर झिजते, या भयाच्या जोरावर कित्येकांनी दुकाने चालविली. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून असल्याच अज्ञानाशी झुंज दिली, तीही मराठीतूनच. तो वारसा आपला आहे. म्हणून सभासदांना आमचे स्पष्ट सांगणे आहे: वाचनालयाच्या मेजावर हे कागद पुन्हा ठेवू नका, हाती आले तर पुढे पाठवू नका, आणि घरात कुणाला गाठ आढळली, तर बियांची पुडी नव्हे, रुग्णालयात सोबतीला येणारा माणूस द्या.