शिकलेल्या भाषेतील भाषण : स्वाध्यायाची पाच पावले

विषय उत्तम समजलेला असतो. पण तो इंग्रजीतून सभेपुढे मांडायची वेळ आली की वाणी अडते. मराठी माध्यमातून महाविद्यालयात आलेल्या अनेक मुलामुलींचा हा अनुभव आहे. ज्या घरात हळदीचा व्यापार तीन पिढ्या चालत आला, त्या घरातील मुलगी हळद शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश करणे यांतील बारकावे शिक्षकांनाही सांगू शकेल. तरीही वर्गात दहा मिनिटांचे सादरीकरण करताना ती दुसऱ्याने लिहून दिलेला मजकूर पाठ करते, चौथ्या वाक्यावर एक शब्द विसरते आणि पुढचे सारेच हरवते. नुकसान केवळ गुणांचे होत नाही. जे ज्ञान तिच्याजवळ खरोखर होते, ते कोणाला कळतच नाही. आणि आपल्याला काही येत नाही, असे तिला स्वतःलाच वाटू लागते.

शिकलेल्या भाषेतून प्रभावी बोलता येते, याचे जैन समाजाजवळ थोर उदाहरण आहे. 1893 च्या सप्टेंबरमध्ये शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. तिचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी उर्फ आत्मारामजी महाराज यांना आले होते. मुनिव्रताच्या मर्यादेमुळे समुद्रप्रवास त्यांना शक्य नव्हता. म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांची निवड केली. 1864 साली सौराष्ट्रातील महुवा येथे जन्मलेले वीरचंदजी मातृभाषेने गुजराती होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे ते पदवीधर होते, म्हणजे इंग्रजी त्यांना अवगत होती. तरीही आचार्यांनी त्यांना केवळ भाषेच्या भरवशावर पाठविले नाही. त्यांच्याकडून विषयाची कसून तयारी करून घेतली. संभाव्य प्रश्न आणि त्यांची उत्तरे मांडणारा ‘शिकागो प्रश्नोत्तर’ हा ग्रंथही आचार्यांनी रचला. आधी अर्थ पक्का, मग भाषा, असा हा क्रम होता.

हाच क्रम शास्त्रातही दिसतो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. ते आत्मकल्याणासाठी आहेत, हे विसरू नये. परंतु अभ्यासाची ही रीत लौकिक विद्येलाही मार्ग दाखविते.

पहिले पाऊल वाचनेचे. विषय प्रथम ज्या भाषेत सहज समजतो, त्या भाषेत वाचावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. मग त्याच विषयावरील सोप्या इंग्रजीतील दोन-तीन लेख वाचून त्या क्षेत्राचे नेमके शब्द वेगळे लिहून काढावेत. हळदीच्या विषयाला बॉइलिंग, ड्राइंग, पॉलिशिंग, ग्रेडिंग असे वीस-पंचवीस शब्द पुरतात. अलंकारिक शब्दांचा संग्रह करण्यापेक्षा हे शब्द हुकमी असणे अधिक उपयोगाचे.

दुसरे पाऊल पृच्छनेचे. संशय दूर व्हावा, किंवा निश्चित झालेले अधिक दृढ व्हावे, यासाठी विचारणे म्हणजे पृच्छना. सादरीकरणापूर्वी घरातील एखाद्या जाणत्या व्यक्तीला आणि विषय अजिबात ठाऊक नसलेल्या एखाद्या मित्राला समोर बसवून प्रश्न विचारायला सांगावे. अनभिज्ञ मित्राचे प्रश्न विशेष मोलाचे असतात. श्रोते नेमके तेच विचारतात. अशा दहा प्रश्नांची उत्तरे इंग्रजीतून तयार ठेवली की प्रश्नोत्तरांची निम्मी भीती आधीच ओसरते.

तिसरे पाऊल अनुप्रेक्षेचे, म्हणजे समजलेल्या अर्थाचे मनात पुनःपुन्हा चिंतन करण्याचे. पुष्कळ विद्यार्थी हेच पाऊल वगळून थेट पाठांतराकडे वळतात. आपल्याला श्रोत्यांना एकच गोष्ट सांगता आली तर ती कोणती, हे आधी मराठीत एका वाक्यात लिहावे. मग तिला आधार देणारे तीन मुद्दे ठरवावेत. त्यानंतर इंग्रजीकडे वळताना एक भेद लक्षात घ्यावा. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ सांगावे लागते. मनात लांब मराठी वाक्य जुळवून त्याचे उभ्या उभ्या भाषांतर करू पाहणारा वक्ता म्हणूनच मध्येच अडखळतो. उपाय सोपा आहे : वाक्य लहान ठेवावे, एका वाक्यात एकच विधान करावे. कागदावर संपूर्ण भाषण न लिहिता केवळ मुद्द्यांचे शब्द लिहावेत. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये तेवढी मुखोद्गत असावीत.

चौथे पाऊल आम्नायाचे. शुद्ध उच्चारासह पाठाची आवृत्ती करणे, असा त्याचा अर्थ. सूत्रपाठातील ऱ्हस्व-दीर्घाची काळजी लहानपणापासून घेणाऱ्या मुलांना हे सांगावे लागू नये. इंग्रजीत ही काळजी मुख्यतः आघाताची असते. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत आघात चुकला की तेराचे तीस होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, तर ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर येतो. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वेस्ट’ म्हणताना ओठ गोल होतात. शंका असलेल्या शब्दांचे उच्चार शब्दकोशाच्या ध्वनिमुद्रणावरून ऐकून घ्यावेत. परदेशी श्रोत्यांपुढे आकडेही बदलून सांगावे लागतात : दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. मिनिटाला साधारण शंभर शब्द, हा वेग शिकणाऱ्याला सोयीचा आणि ऐकणाऱ्याला सुखाचा असतो. म्हणजे दहा मिनिटांत हजार शब्दांहून अधिक मावत नाहीत. उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून किमान पाच वेळा सराव करावा. मनातल्या मनात केलेला सराव जिभेला उपयोगी पडत नाही.

पाचवे पाऊल कथनाचे. येथे भाषा समितीचे स्मरण ठेवावे. बोलणे हितकर, परिमित आणि असंदिग्ध असावे, हा तिचा बोध. ज्या वाक्याचा अर्थ आपल्याला नीट कळलेला नाही, ते केवळ भारदस्त वाटते म्हणून उच्चारणे या बोधाशी सुसंगत नाही. यंत्राकडून किंवा दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या भाषणात नेमका हाच दोष शिरतो. पहिल्या प्रश्नासरशी तो उघडा पडतो. साधे, पण स्वतःचे वाक्य त्यापेक्षा श्रेष्ठ. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवू नये. श्रोत्यांकडे पाहून बोलावे. शब्द आठवला नाही तर क्षणभर थांबावे आणि तोच आशय दुसऱ्या शब्दांत सांगावा. मौनाचा तो एक क्षण वक्त्याला प्रदीर्घ भासतो, श्रोत्यांच्या तो ध्यानातही येत नाही. प्रश्न समजला नाही तर ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे निःसंकोच म्हणावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. सत्याणुव्रत व्यासपीठावरही लागू असतेच.

शिकागोच्या परिषदेत एका वक्त्याने भारतीय समाजावर कठोर टीका केली होती. आपला विषय मांडण्यापूर्वी वीरचंदजींनी तिला ठाम, परंतु संयत उत्तर दिले आणि मग जैन तत्त्वज्ञानाकडे वळले. त्यावेळी ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. अनपेक्षित क्षणी असे उत्तर पाठांतरातून येत नाही. ते पचलेल्या ज्ञानातून आणि शांत चित्तातून येते.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक गोष्ट करावी. मुलाने इंग्रजीत बोलायचा प्रयत्न केला की व्याकरणाची चूक धरून त्याला मध्येच तोडू नये. त्याचे पूर्ण ऐकावे, आधी आशयाविषयी एक प्रश्न विचारावा, चुका मागाहून सांगाव्यात. स्वतःला इंग्रजी येत नसले, तरी आजोबा समोर बसून ऐकू शकतात आणि ‘आता हेच मला मराठीत समजावून सांग’ असे म्हणू शकतात. नातवाला ते समजावता आले, तर त्याची तयारी योग्य मार्गावर आहे, असे खुशाल समजावे.