प्रेरणेच्या यादीत वामनदादा का नाहीत?

प्रेरणा देणारी गाणी सांगा म्हटलं की कलावंत नाट्यपदं, भावगीतं, गझला सांगतात. भीमगीत मात्र 'जयंतीचं गाणं'!

भीमराव कर्डकांच्या जलशांनी अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत बाबासाहेबांचा विचार नेला. वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून हजारो गाणी रचली, गायली. याहून मोठी प्रेरणा कोणती?

प्रस्थापित ही नावं गाळणारच. पण कर्वेनगरच्या वस्तीत भीमगीतांवर ढोलकी शिकलेला आपला पोरगाही मोठ्या मंचावर तीच नावं गिळतो. जात कळेल, कार्यक्रम जातील, ही भीती खोटी नाही. पण गप्प बसून ती कुणाची गेली?

कलावंतांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर पहिलं नाव वामनदादांचं घ्या. गाण्यासोबत गीतकारही सांगा.

जय भीम!