आईला कर्करोग, मग मुलीला?

गेल्या आठवड्यात केमोथेरपीसाठी आलेल्या एका रुग्णाच्या मुलीने कागदपत्रे आवरता आवरता हळूच विचारले, ‘‘डॉक्टर, मलाही होईल का?’’ आईचे वय ४१, आजार स्तनाचा. मुलीच्या मोबाइलवर एक जाहिरात होती : घरबसल्या लाळेचा नमुना पाठवा, कर्करोगाचा धोका जाणून घ्या.

कर्करोग म्हणजे पेशीतल्या जनुकांचा बिघाड, हे खरे. पण तो बिघाड आईवडिलांकडून आलेला असतो तो शंभरातल्या पाच-दहा रुग्णांतच. बाकीच्यांत तो वयामुळे, तंबाखूमुळे, काही विषाणूंमुळे पेशींत साचत जातो. रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० नवे बदल होतात, असे २०१६ मधल्या एका संशोधनात दिसले. हे बदल मुलांकडे जात नाहीत. (तंबाखूची सवय मात्र जाते!)

वारशाने येणाऱ्यांत सर्वांत परिचित म्हणजे १९९४ व १९९५ मध्ये सापडलेली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके. त्यांचे काम डीएनएची दुरुस्ती. बीआरसीए-१ जन्मतःच सदोष असेल तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ७२ टक्के, अंडाशयाच्या कर्करोगाचा ४४ टक्के. हा दोष वडिलांकडूनही येतो, हे आम्ही डॉक्टरसुद्धा विसरतो आणि फक्त आजी-मावशीची चौकशी करतो. या मुलीला आईच्या आत्याबद्दल विचारले, तेव्हा तिला आठवले : ‘‘त्या पोटात पाणी होऊन गेल्या.’’ अंडाशयाच्या कर्करोगाची शंका घ्यावी असेच हे वर्णन.

चाचणी करायची तर आधी आईची. तिच्यात नेमका दोष सापडला, तर मुलीत तेवढाच शोधता येतो आणि उत्तर हो किंवा नाही असे स्वच्छ मिळते. आधी मुलीची केली आणि काही सापडले नाही, तर त्यातून दिलासा मिळतोच असे नाही. आईच्या आजाराचे कारण तपासलेल्या जनुकांबाहेर असू शकते. तिसरे उत्तर सर्वांत त्रासदायक : ‘बदल आहे, अर्थ अनिश्चित.’ जगातली तुलनेची माहिती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्याकडे हे उत्तर जास्त येते. ‘जीनोम इंडिया’ने जानेवारी २०२५ मध्ये सुमारे १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली केली, त्याचे महत्त्व इथे आहे. अनेक निरोगी माणसांत दिसणारा बदल सहसा गुन्हेगार नसतो. आणि अशा अनिश्चित अहवालावर कोणीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

दोष पक्का ठरला तर करण्यासारखे बरेच आहे : पंचविशी-तिशीपासून स्तनांची दरवर्षी एमआरआय तपासणी, अपत्ये झाल्यावर अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा पर्याय. अडचण वेगळीच आहे. आमच्या रुग्णालयात केमोथेरपी मोफत मिळते, पण अहवाल समजावून सांगणारा जनुकीय समुपदेशक नाही. ते काम ओपीडीच्या गर्दीत, उभ्या उभ्या होते.

आईच्या रक्ताचा नमुना पाठवला आहे. मुलीला मामा आहे. अहवाल आला की त्यालाही घेऊन ये, असे सांगितले आहे.