विमानाचा रोग, वस्तीचा भोग

जगाच्या पाठीवर कोठेही एखाद्या नव्या तापाची बातमी आली, की दिल्लीत बैठकांचे सत्र सुरू होते आणि पाहता पाहता विमानतळांवर तापमान मोजणारे कॅमेरे उभे राहतात. संबंधित मंत्री पाहणी करतात, छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि ‘यंत्रणा सज्ज’ असल्याची ग्वाही दिली जाते. प्रवासीही धास्तावलेले असतात. शेजारच्या आसनावरील माणूस खोकला तरी मान वळवून पाहतात. ही धास्ती अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि ती धास्ती कोणाची आहे, ती राज्यकर्त्यांपर्यंत किती तत्परतेने पोहोचते आणि त्याच रोगाचा अखेरचा हिशेब कोणाकडून वसूल होतो, हा प्रश्न मात्र निखळ राजकीय आहे. त्याचे उत्तर मुंबईच्या विमानतळावर जितके सापडेल, त्याहून अधिक तेथून लोहमार्गाने सुमारे अकराशे किलोमीटरवर असलेल्या भिलाईच्या कॅम्प-१ या वस्तीत सापडेल.

भिलाईचा पोलाद कारखाना हे नेहरूयुगाचे अपत्य. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याने आपल्या कायम कामगारांसाठी आखीवरेखीव सेक्टर वसवले, रुंद रस्ते दिले, सेक्टर-९ मध्ये मोठे रुग्णालय बांधले. या आखीव नगरीच्या बाहेर, उभारणीच्या काळात आलेल्या मजुरांच्या छावण्यांची आठवण नावात जपत कॅम्प-१ आणि कॅम्प-२ या वस्त्या वाढल्या. विदर्भ, आंध्र, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश अशा सर्व दिशांनी आलेल्या माणसांमुळे भिलाईस ‘मिनी इंडिया’ म्हटले जाते. या छोट्या भारतात मोठ्या भारतातील भेदही आहेत. कायम कामगारास कारखान्याचे रुग्णालय आहे. ठेकेदाराकडील मजुरास त्या दिवसाची मजुरी आहे, आणि आजारी पडल्यास तीही नाही.

प्रथम भीतीचा पाया तपासणे इष्ट. विमानाच्या बंद डब्यात तासन्‌तास बसणे म्हणजे रोगास आमंत्रण, ही समजूत अर्धीच खरी आहे. आधुनिक विमानातील हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलली जाते आणि पुन्हा फिरवली जाणारी हवा अत्यंत सूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळण्यांतून जाते. या दृष्टीने गर्दीचे उपाहारगृह किंवा लोकलचा डबा विमानापेक्षा अधिक धोक्याचा ठरू शकतो. परंतु जवळच्या आसनावरील रुग्णाचा धोका गाळणीने टळत नाही. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानातील १२० जणांपैकी २२ जणांना ‘सार्स’ झाल्याचे पुढे निष्पन्न झाले. तो प्रवास अवघा तीन तासांचा होता.

जहाजाची गोष्ट आणखी निराळी. जहाज हे तरंगते गाव असते. तेथे भोजन एकत्र, निवास एकत्र, करमणूकही एकत्र. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात रोखलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वरील ३७११ जणांपैकी ७१२ जणांना कोरोनाची बाधा झाली. त्या जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील १३२ जण कर्मचारी होते, हा तपशील मार्मिक आहे. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत कोंडून घेता आले. त्यांच्या दाराशी जेवणाची ताटे पोहोचविणाऱ्यांना ती सोय नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील भारतीय खलाशी मुंबईच्या समुद्रात मायदेशाचा किनारा पाहत ताटकळले. त्यांत गोव्याच्या घरांतील मुले होती. उलट जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला सहलीस निघालेल्या सुमारे दोन हजार जणांच्या ‘कॉर्डेलिया’ जहाजावर ६६ बाधित आढळताच दोन्ही राज्यांची यंत्रणा हलली आणि जहाजास मुंबईस परतावे लागले. एकाच समुद्रात दोन न्याय असतात ते असे.

या भेदास मोठी परंपरा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. बंदरातून आलेला हा रोग मुंबईच्या बंदरातूनच युरोपात जाईल, या भयाने युरोपीय राष्ट्रे हादरली. १८९७ मध्ये व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्याच फेब्रुवारीत भारतात साथरोग कायदा आला. त्यानंतर पुण्यात काय घडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी का झाडली गेली, हे मराठी वाचकास सांगावयास नको. रेल्वे स्थानकांवरील तपासणीचे चित्र मात्र विस्मृतीत गेले आहे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना फलाटावर उतरवून रांगेत उभे केले जाई, वरच्या वर्गातील उतारूंची विचारपूस त्यांच्या डब्यातच होई. रोगजंतूला तिकिटाचा वर्ग कळत नसला तरी सरकारला तो अचूक कळत होता.

१९१८ चा इन्फ्लुएंझाही मुंबईच्या गोदीतूनच आत आला. मे महिन्याच्या अखेरीस महायुद्धावरील सैनिकांची वाहतूक करणारी जहाजे बंदरास लागली आणि १० जूनला गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई रुग्णालयात दाखल झाले. तेथून साथ रेल्वेच्या रुळांनी आत शिरली. सप्टेंबरनंतरच्या दुसऱ्या लाटेत देशभर एक कोटीहून अधिक माणसे मेली. मुंबई शहरात युरोपीयांमधील मृत्युप्रमाण हजारी ८.३ होते, तर तेव्हा ‘निम्न जाती’ म्हणून नोंदलेल्या समाजांत ते हजारी ६१.६ होते. सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाडाचा समावेश होता. नागपूर ही ज्याची राजधानी आणि दुर्ग हा ज्याचा एक जिल्हा, तोच हा प्रांत. दुर्गच्या खेड्यांनी समुद्र पाहिला नव्हता. तरी जहाजावरून उतरलेला रोग त्यांच्या उंबऱ्याशी पोहोचला. आजची भिलाई त्याच दुर्ग जिल्ह्यात आहे.

शंभर वर्षांनी वाहन बदलले, वाट तीच राहिली. जानेवारी २०२० मध्ये चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली, पण सर्व आंतरराष्ट्रीय प्रवाशांची तपासणी होण्यास ४ मार्च उजाडला. दरम्यान दुबईची सहल आटोपून पुण्याचे एक दांपत्य परतले होते; ९ मार्चला महाराष्ट्रातील पहिले रुग्ण म्हणून त्यांची नोंद झाली. त्याच महिन्यात रायपूरमध्ये आढळलेला छत्तीसगडचा पहिला रुग्णही लंडनहून परतलेला होता. पुढे टाळेबंदी आली. विमानप्रवास करणाऱ्या वर्गाने आणलेल्या साथीत पायी चालण्याची वेळ मात्र मजुरांवर आली. श्रमिक रेल्वेगाड्या १ मे रोजी आणि परदेशस्थ भारतीयांना आणणारी ‘वंदे भारत’ विमाने ७ मे रोजी सुरू झाली. तारखांत गाड्या पुढे दिसतात खऱ्या, पण तोवर किती मजुरांनी रस्ता धरला होता हे देशाने पाहिले आहे. एप्रिल २०२१ च्या आरंभी देशात सर्वाधिक सक्रिय रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांत पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर यांच्या पंक्तीला रायपूर आणि दुर्ग ही नावे होती. ६ एप्रिलपासून दुर्ग जिल्हा कुलूपबंद झाला. ज्या जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय विमान उतरत नाही, तो देशातील पहिल्या दहांत जातो, याचा अर्थ राज्यकर्त्यांनी लावावयास हवा होता.

कायद्याचीही हीच दृष्टी आहे. १८९७ चा कायदा लिहिला गेला तेव्हा विमानाचा शोधही लागला नव्हता. तरीही २०२० च्या दुरुस्तीपर्यंत या कायद्याने केंद्राला तपासणीचा व स्थानबद्धतेचा दिलेला अधिकार बंदरातील जहाजांपुरताच होता. विमान, रेल्वे, बस ही वाहने त्यात त्या वर्षी प्रथम आली. विमान व बंदर आरोग्याचे १९५४ आणि १९५५ चे स्वतंत्र नियम होते हे खरे, पण तेही प्रवेशद्वारावरच थांबतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा आढावा घेणारा २८६ वा अहवाल सादर केला आणि कायद्यातील उणिवा दाखवून दिल्या. परंतु दारावरील पहारेकऱ्याचे अधिकार वाढविणे आणि घरातील आजाऱ्याचे हक्क ठरविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवर संसदेत सहज एकमत होते. दुसरीस पैसा लागतो.

क्षयाचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. विमानात क्षयाचा संसर्गजन्य रुग्ण आढळल्यास आणि प्रवास आठ तासांहून अधिक असल्यास, त्याच्या पुढील-मागील दोन रांगांतील सहप्रवाशांचा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. दुर्गहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या अनारक्षित डब्यात विमानातील आठ तासांपेक्षा कितीतरी अधिक वेळ माणसे खांद्याला खांदा लावून बसतात. तेथे रांग मोजणार कोण, आणि नावांची यादी तरी कोणाकडे आहे? डेंग्यूचेही तसेच. त्याचा प्रसार करणारा डास शतकांपूर्वी जहाजांवरील पाण्याच्या पिंपांतून आफ्रिकेबाहेर पसरला, म्हणून आजही विमानांत डासनाशक फवारण्याचे नियम आहेत. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूने अनेकांचे बळी घेतले. तेव्हा विमानाचा संबंध नव्हता. साचलेले पाणी, उघडी गटारे आणि अनियमित नळामुळे घरोघरी भरून ठेवावी लागणारी पिंपे होती.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की मग विमानतळावरील तपासणी बंद करावी काय? तसे कोणी सुचवीत नाही. आरंभीचे काही दिवस मिळवून देण्यासाठी ती उपयुक्त असते. मे २००९ मध्ये देशातील पहिला स्वाइन फ्लूचा रुग्ण हैदराबादला विमानाने आलेला प्रवासी होता आणि तो तत्काळ सापडला. पण त्यानंतर ऑगस्टच्या आरंभी देशातील पहिला बळी गेला तो पुण्यातील एका शाळकरी मुलीचा. ज्याला अद्याप ताप चढलेला नाही असा बाधित प्रवासी कोणत्याही कॅमेऱ्यास दिसत नाही. दारावरची तपासणी साथ लांबवू शकते, थांबवू शकत नाही. हाती आलेल्या त्या दिवसांत घर आवरायचे असते. दरवेळी ते दिवस दारातच खर्ची पडतात, हा खरा दोष आहे.

घर आवरणे म्हणजे काय, हेही अज्ञात नाही. छत्तीसगडने २००२ मध्ये, म्हणजे केंद्राच्या ‘आशा’ योजनेच्याही आधी, ‘मितानिन’ या आरोग्यसखींची योजना सुरू केली. वस्तीत कोणाच्या घरी ताप आहे हे तिला यंत्राविना कळते. तिने दिलेली माहिती त्याच दिवशी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत आणि तेथून राजधानीत पोहोचली, तर कॅम्प-१ मधील तापाचा पहिला पुंजका विमानतळावरील कॅमेऱ्याइतकाच मोलाचा ठरेल. सांडपाण्याच्या तपासणीतून साथीचा माग काढण्याचे तंत्रही आता रुळले आहे; ते महानगरांपुरते का राहावे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मजुरी. ‘सात दिवस घरीच थांबा’ हा सल्ला पगारी नोकरास रजेचा वाटतो, रोजंदारी मजुरास उपासाचा. कामगार राज्य विम्यात आजारपणाच्या काळात वेतनाचा ७० टक्के भाग देण्याची तरतूद आहे, पण ती नोंदणी झालेल्यांसाठी. ज्याची नोंदच नाही तो ताप लपवूनच कामावर जाणार. त्यास बेजबाबदार ठरविणे सोपे आहे. त्याची सात दिवसांची मजुरी भरून देणे हाच खरा साथनियंत्रणाचा उपाय आहे.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. बिलासपूर, जगदलपूर, अंबिकापूर अशी छत्तीसगडमधील शहरेही विमानाच्या नकाशावर आली आहेत. प्रगतीची ही चिन्हे स्वागतार्ह आहेत. पण प्रत्येक नवी धावपट्टी समुद्रापारच्या रोगाचे आणि देशाच्या आतल्या वस्तीचे अंतर आणखी काही तासांनी कमी करते, याचे भान आरोग्याच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. धावपट्टी बांधणाऱ्यांनी तिच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या वस्तीत डॉक्टर, नळ आणि गटार आहे की नाही, हेही पाहावयास हवे. पुढची साथ कोणत्या विमानाने येईल हे सांगता येणार नाही. ती कोठे जाऊन मुक्काम करील, हे मात्र १९१८ पासून ठाऊक आहे.